शकुंतलेचे गेज आणि सिनेमाची फाईल

यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला आता बंद आहे. पण या लेखाचा विषय समजावून सांगायला तिच्याइतके सोपे उदाहरण मला दुसरे सापडले नाही. या मार्गाच्या दोन रुळांमधले अंतर होते ७६२ मिलीमीटर, म्हणजे अडीच फूट. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर मुख्य मार्ग लागतो. तिथे हेच अंतर १६७६ मिलीमीटर, साडेपाच फूट. यवतमाळ, दारव्हा, कारंजा या पट्ट्यातला कापूस गाठी होऊन शकुंतलेत चढायचा आणि मूर्तिजापूरला उतरायचा. तिथे गाठ उघडायची नसे, तिच्यात काही बदल करायचा नसे. फक्त एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात टाकायची. पण त्या ‘फक्त’ला हमाल लागत, दिवस लागत, आणि आभाळ भरून आले असेल तर व्यापाऱ्याचा जीवही लागून राही.

आणखी एक गोष्ट. हे रूळ होते किलिक निक्सन मंडळींनी काढलेल्या एका खासगी कंपनीचे. गाड्या चालवायची आधी जीआयपी रेल्वे आणि नंतर मध्य रेल्वे. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे रुळांच्या मालकाला कराराप्रमाणे पैसे जात राहिले. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची, कापूस तिसऱ्याचा. वाचकांनी हे तीन मालक लक्षात ठेवावेत, कारण पुढे चित्रपटगृहात ते पुन्हा भेटणार आहेत.

मी यवतमाळात लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगपासून सुरुवात केली आणि पुढे बारा वर्षे मुंबईत, अंधेरीतल्या एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत काढली. माझ्या खात्याला ‘डिलिव्हरी’ म्हणत. दिग्दर्शक, संकलक, संगीतकार यांचे सगळे काम संपले, पार्टी झाली, की चित्रपट आमच्याकडे यायचा. थिएटरला एका रूपात, दूरचित्रवाणी वाहिनीला दुसऱ्या, ओटीटीला तिसऱ्या, विमान कंपनीला चौथ्या, महोत्सवाला पाचव्या. चित्रपट तोच. आम्ही मूर्तिजापूरचे हमाल.

आधी फाईल म्हणजे काय ते पाहू. जिनिंग-प्रेसिंगच्या गावात हे सांगणे सोपे जाते. रुई दाबून तिची १७० किलोची गाठ करतात, तिच्यावर बारदान चढवतात आणि बारदानावर मार्क मारतात. व्हिडिओ फाईलचेही असेच तीन भाग. दाबण्याची जी रीत तिला म्हणतात कोडेक. एच.२६४, प्रोरेस, जेपेग २००० ही अशा रीतींची नावे. बारदान म्हणजे कंटेनर : एमपी४, एमओव्ही, एमएक्सएफ, एमकेव्ही. फाईलच्या नावाच्या शेवटी जे दिसते ते फक्त बारदान असते. आत काय दाबले आहे हे त्यावरून कळेलच असे नाही. ‘एमपी४ पाठवा’ असे सांगणारा माणूस ‘पोत्यात घालून पाठवा’ एवढेच सांगत असतो. आणि मार्क म्हणजे मेटाडेटा : चित्र किती रुंद, सेकंदाला किती फ्रेम, रंग कोणत्या पद्धतीने मोजले, आवाजाचे कोणते वाहिनीक्रम, भाषा कोणती.

एका ठिकाणी मात्र कापसाचा दाखला सुटतो. दाबलेली रुई मोकळी केली की होती तेवढीच निघते. बहुतेक कोडेक चित्र दाबताना त्यातला काही भाग कायमचा टाकून देतात, आणि एका रीतीतून दुसऱ्या रीतीत नेताना दर वेळी पुन्हा थोडा टाकतात. म्हणजे इथल्या हमालीत प्रत्येक जंक्शनवर गाठ थोडी हलकी होते.

सिनेमाच्या पहिल्या शंभर वर्षांत ही अडचण जवळजवळ नव्हती. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सनने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ईस्टमनची पट्टी उभी चिरून ३५ मिलीमीटरची केली आणि दर फ्रेममागे दोन्ही कडांना चार-चार छिद्रे पाडली. १९०९ मध्ये पॅरिसला भरलेल्या निर्मात्यांच्या परिषदेने हेच माप मान्य केले. १९१६ मध्ये अमेरिकेत चलच्चित्र अभियंत्यांची संस्था निघाली. तिचेच पुढे ‘एसएमपीटीई’ झाले. आजही चित्रपटाची मापे ठरवणारी ती मुख्य संस्था आहे. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ फ्रेम हा वेग ठरला. फाळके, प्रभात, राजकमल, सगळे या एकाच गेजवर धावले. कोल्हापुरात वापरलेली रीळ पॅरिसच्या प्रोजेक्टरवर चढत असे. कोणाची परवानगी लागत नसे, कारण छिद्रांवर कोणाची मालकी नव्हती.

चित्रपट वितरणाच्या नकाशावर यवतमाळ आजही ‘सीपी-बेरार’ सर्किटमध्ये मोडते. तो प्रांत जाऊन किती वर्षे झाली, पण सिनेमावाल्यांच्या वहीत तो आहे. तसेच पलीकडचा मराठवाडा ‘निजाम’ सर्किटमध्ये. त्यामुळे उमरखेडहून नांदेडच्या बाजूला निघालेला माणूस सिनेमाच्या हिशेबात अजून निजामाच्या मुलखात शिरतो! आमच्या सर्किटची वितरकांची कार्यालये अमरावतीला आणि भुसावळला. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे साडेतेरा हजार फूट फिल्म, हजार-हजार फुटांच्या चौदा रिळा, पत्र्याच्या पेट्यांत, एसटीच्या टपावर. एक प्रत काढायला पन्नास-साठ हजार रुपये पडत, म्हणून प्रती मोजक्या निघत. त्या आधी मुंबई-पुणे-नागपूर फिरत आणि मग दिग्रस, पुसद, वणीला येत. तोवर पट्टीवर पावसासारख्या उभ्या रेघा पडलेल्या असत आणि गाण्यांच्या रिळांचे तुकडे कमी झालेले असत. सिनेमा जुना होऊन येतो हे आम्हाला इतके अंगवळणी पडले होते की नवी कोरी प्रत पाहिली तर काहीतरी चुकल्यासारखे वाटे.

गेज एकच होते, पण वाहतूक महाग होती. पुढे जे झाले ते समजायला ही गोष्ट ध्यानात हवी.

मार्च २००२ मध्ये हॉलिवूडच्या सात स्टुडिओंनी मिळून ‘डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्ह्ज’, म्हणजे डीसीआय, ही संस्था काढली आणि जुलै २००५ मध्ये तिने डिजिटल चित्रपटाचे तपशीलवार प्रमाण प्रसिद्ध केले. त्यातून जे पॅकेज तयार होते ते ‘डीसीपी’. ती एक फाईल नसते, फोल्डर असते. चित्राची प्रत्येक फ्रेम जेपेग २००० रीतीने स्वतंत्र दाबलेली, २०४८ बाय १०८० किंवा ४०९६ बाय २१६० बिंदूंची. आवाज अजिबात न दाबता. दोन्ही एमएक्सएफच्या बारदानात. आणि सोबत साध्या मजकुराची एक यादी : कोणता तुकडा कोणत्या क्रमाने, कुठून कुठपर्यंत दाखवायचा. सेकंदाला जास्तीत जास्त २५ कोटी बिट. या कमाल मर्यादेने अडीच तासांचा चित्रपट २८० जीबीच्या आसपास जातो. पॅकेजला कुलूप लावता येते, आणि त्याची किल्ली ठरावीक सर्व्हरला, ठरावीक तारखांपुरतीच चालते.

या प्रमाणाची खरी गोम अशी की ते जाहीर आहे. एसएमपीटीईने ते आपल्या मानकांत घेतले. त्यामुळे ते वाचून कोणीही डीसीपी बनवू शकतो. ‘डीसीपी-ओ-मॅटिक’ नावाची फुकट प्रणाली आहे. ती साध्या लॅपटॉपवर रात्रभर लावून ठेवली की सकाळी पॅकेज तयार. ते जगातल्या कुठल्याही डीसीआय थिएटरात चालावे अशी अपेक्षा असते, आणि बहुतेक वेळा ते चालते. छिद्रे पुन्हा सगळ्यांची झाली.

पण डीसीआयच्या पसंतीचा प्रोजेक्टर आणि सर्व्हर अतोनात महाग होता. ३०-४० रुपयांच्या तिकिटावर चालणाऱ्या एकपडदा थिएटरला तो झेपणे शक्य नव्हते. त्या सुमारास मुंबईच्या यूएफओ मूव्हीज या कंपनीने वेगळा रस्ता काढला. प्रोजेक्टर साधा, रीत एमपेग-४. या रीतीत दर फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदलले तेवढेच साठवतात, त्यामुळे फाईल कितीतरी लहान होते. ती फाईल कुलूपबंद करून उपग्रहावरून थेट थिएटरच्या गच्चीवरच्या तबकडीत उतरवायची. यंत्रे कंपनीने भाड्याने बसवायची. चेन्नईच्या क्यूब सिनेमानेही देशभर आपली यंत्रणा पसरवली. हॉलिवूडने या स्वस्त मार्गाला ‘डिजिटल सिनेमा’ मानले नाही. त्याला ‘ई-सिनेमा’ असे थोडे खालचे नाव मिळाले. म्हणजे आपल्याकडे ब्रॉडगेज मल्टिप्लेक्सांना आणि नॅरोगेज गावाला.

या नॅरोगेजने जे दिले ते कमी लेखू नये. पुण्यात शुक्रवारी लागलेला मराठी चित्रपट त्याच शुक्रवारी आमच्याकडच्या तालुक्याच्या गावी लागू लागला, रेघांशिवाय, सगळ्या गाण्यांसकट. पन्नास हजारांच्या प्रतीची गरज संपल्यामुळे एकाच दिवशी शेकडो पडद्यांवर जाणे मराठी निर्मात्याला परवडू लागले. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजनाही फिल्म सोडून डिजिटलकडे वळावे लागले. हे संक्रमण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपले आहे. तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. मागे फिरण्याचा रस्ताही उरला नव्हता : जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१३ मध्ये फुजीने सिनेमाची फिल्म बनवणे थांबवले.

आता ते तीन मालक. यंत्र पुरवठादार कंपनीचे, पडदा थिएटरवाल्याचा, चित्रपट निर्मात्याचा. यंत्राचा खर्च वसूल करायला निर्मात्याकडून दर पडद्यामागे ‘व्हर्च्युअल प्रिंट फी’ घेतली जाते. कल्पना अशी : पूर्वी प्रत काढायला पैसे घालत होतात, ते वाचले, त्यातले थोडे यंत्रासाठी द्या. अमेरिकेत ही फी ठरावीक वर्षांसाठी होती. यंत्राचे पैसे फिटले की बंद. आपल्याकडे ती चालूच राहिली, अशी निर्मात्यांची तक्रार. १ मार्च २०१८ पासून दक्षिणेतल्या निर्मात्यांनी नवे चित्रपट देणेच थांबवले. तमिळनाडूत हा बंद दीड महिन्याच्या वर चालला.

फीपेक्षा महत्त्वाचा मुद्दा एप्रिल २०२५ मध्ये पुढे आला. भारतीय स्पर्धा आयोगाने यूएफओ मूव्हीज, तिच्या गटातली स्क्रॅबल ही कंपनी आणि क्यूब सिनेमा यांना मिळून सुमारे २ कोटी ७० लाखांचा दंड केला. भाड्याने यंत्रे देताना केलेल्या करारांमुळे थिएटरवाल्यांना दुसऱ्या कोणी तयार केलेली चित्रपटाची फाईल दाखवण्यास अटकाव होतो, हा त्यातला आक्षेप होता. वाचकांना रक्कम किरकोळ वाटेल, आणि ती आहेच. पण चित्रपटाची फाईल कोणी बनवायची हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे या देशात पहिल्यांदा कायद्याच्या टेबलावर आला, असे मला वाटते.

हा प्रश्न कागदी नाही. घाटंजी तालुक्यातल्या पाच-सहा मुलांनी स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्यावर ९५ मिनिटांचा चित्रपट केला. कापूस वेचणीच्या हंगामातली गोष्ट, कलाकार सगळे गावचे, सेन्सॉरचे प्रमाणपत्रही रीतसर घेतलेले. मी त्यांना मदत केली ती फक्त शेवटच्या टप्प्यात. त्यांच्याच लॅपटॉपवर आम्ही डीसीपी बनवली. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका एकपडदा थिएटरचा मालक सकाळचा रिकामा खेळ द्यायला तयार होता, भाडेही घेणार नव्हता. अडले ते यंत्रावर. त्या यंत्रात फक्त पुरवठादाराने तयार केलेली फाईल चालत होती, आणि ती तयार करून घेण्याचा आकार मुलांच्या सबंध शूटिंगच्या जेवणखर्चापेक्षा जास्त होता. मालक मला म्हणाला, “भाऊ, टॉकीज माझी आहे, पण मशीन माझं ऐकत नाही.” पुढे नागपूरच्या एका मल्टिप्लेक्समध्ये सकाळचा एक खेळ मिळाला. तिथल्या सर्व्हरला आम्ही तीच डीसीपी लावली. वीस मिनिटांत ती आत उतरली आणि चित्रपट सुरू झाला. कोणी काही विचारले नाही.

फाईल तीच, एका ठिकाणी बाद आणि दुसऱ्या ठिकाणी चालू. खुले प्रमाण आणि बंद प्रमाण यांत फरक काय, असे मला कोणी विचारले तर मी या दोन थिएटरांपलीकडे काही सांगत नाही.

मात्र सगळा दोष थिएटरच्या टोकाला टाकणे बरोबर नाही. त्याच्या आधीही साखळीत जंक्शने आहेत. कॅमेरा बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची स्वतःची कच्ची फाईल असते. ती संकलनासाठी प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडीत न्यायची, दृश्यपरिणामांसाठी ओपन ईएक्सआरमध्ये, पुन्हा परत. यातल्या प्रत्येक ठिकाणी मार्क पुसला जाण्याची भीती. रंगाचेच बघा : टीव्हीसाठी रंग एका पद्धतीने मोजतात आणि डीसीपीत दुसऱ्या. हे रूपांतर राहून गेले तर पडद्यावर माणसांच्या चेहऱ्यांचे रंग बिघडून दिसतात. दिग्दर्शक छायालेखकाला शिव्या देतो. बिचाऱ्याचा काही संबंध नसतो.

फ्रेमच्या वेगाचा घोटाळा तर आपल्या देशाचा खास. टीव्हीसाठी आपण पाल पद्धत घेतली : सेकंदाला २५ फ्रेम. सिनेमा २४ चा. २४ चा चित्रपट वाहिनीवर २५ ने पळवला की अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि आवाज दुरुस्त केला नाही तर नायकाचा गळा किंचित बारीक होतो. जुने मराठी चित्रपट टीव्हीवर पाहून ज्यांचे कान तयार झाले त्यांना मूळ गाणे थिएटरात ऐकताना ते खालच्या पट्टीत वाटते, ते यामुळे. घाटंजीच्या मुलांचे उलटे झाले. त्यांच्या कॅमेऱ्यात २५ लावलेले होते. पुढच्या मानकांत डीसीपीला २५ ची मुभा आहे, पण जुन्या सर्व्हरचा भरवसा २४ वरच. म्हणून आम्ही चित्रपट २४ ने चालवला. ९५ चे ९९ मिनिटे झाले आणि आवाज वर ओढून घ्यावा लागला. हे चित्रणाच्या पहिल्या दिवशी एका बटणात मिटले असते.

आता थोडे आपल्या लिपीबद्दल, कारण याविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

डीसीपीत उपशीर्षके चित्रावर छापायची गरज नसते. ती वेगळ्या मजकुराच्या फाईलमध्ये, सोबत फॉन्ट देऊन पाठवता येतात आणि थिएटरचे यंत्र ती दाखवताना पडद्यावर लिहिते. इंग्रजी, फ्रेंचला हे उत्तम. पण देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी मागून टंकित होते आणि अक्षराच्या आधी दिसते. ‘क्ष’, ‘त्र’, रफार, ‘ऱ्या’ यांत दोन-तीन चिन्हे मिळून तिसरेच रूप होते. ही जुळणी करणारी यंत्रणा कित्येक थिएटर सर्व्हरांत नीट नसते. मग ‘किल्ला’मधली वेलांटी ‘क’च्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. प्रमाणाने यावर तोड दिली आहे : प्रत्येक ओळ चित्र म्हणून पाठवा. आम्ही तसेच करायचो. पण चित्र झालेल्या ओळीत मजकूर शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, तिचे पुढे भाषांतर करता येत नाही. ती ओळ पुन्हा टंकित करावी लागते.

त्याहून वाईट स्थिती जुन्या संवादांची. २००० च्या दशकात मराठी पटकथा आणि संवादयाद्या श्रीलिपीसारख्या प्रणालींत टंकित झाल्या. त्यांत युनिकोड नव्हते. त्या फॉन्टशिवाय फाईल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच. दिवाळी अंकांच्या संपादकांना हे दुःख मी काय सांगणार! एका ओटीटीसाठी २००६ च्या एका मराठी चित्रपटाची इंग्रजी उपशीर्षके करायची होती, तेव्हा निर्मात्याने मोठ्या अभिमानाने मूळ संवादांची सीडी दिली. ती सीडी वाचता आली. संवाद वाचता आले नाहीत. शेवटी एका मुलीने चित्रपट ऐकून सगळे संवाद पुन्हा लिहून काढले. वऱ्हाडी बोलणाऱ्या दोन पात्रांचे तिला नीट कळेना, म्हणून तो भाग माझ्या वाट्याला आला.

ओटीटीच्या काळात साखळीच्या मधल्या भागासाठी एक नवे प्रमाण आले, ‘आयएमएफ’. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या एका केंद्रात त्याची मांडणी सुरू झाली आणि २०१३ च्या सुमारास एसएमपीटीईने त्याची मानके काढली. कल्पना डीसीपीच्या यादीचीच, फक्त थिएटरऐवजी कोठारासाठी. समजा चित्रपटाच्या पाच आवृत्त्या आहेत : थिएटरची, टीव्हीसाठी दोन शब्द गाळलेली, हिंदी डबिंगची, परदेशी वाटपाची, आणि दिग्दर्शकाची लांब. पूर्वी पाच पूर्ण फाईली लागत, आणि त्यांतल्या एकीत सुधारणा केली की बाकीच्या चार मागे राहत. आयएमएफमध्ये चित्र एकदाच साठवायचे, आवाज भाषेनुसार वेगळा, उपशीर्षके वेगळी, आणि प्रत्येक आवृत्तीसाठी फक्त एक यादी. दोन शब्द गाळायचे तर तेवढा तुकडा आणि नवी यादी पाठवायची. नेटफ्लिक्सने हे प्रमाण उचलून धरले, म्हणून ते इतके पसरले. मोठ्या स्टुडिओंची यात सोय झाली. छोट्या मराठी निर्मात्याला मात्र अजून त्यासाठी कोणाकडे तरी जाऊन पैसे मोजावे लागतात, कारण आयएमएफ तयार करणे आणि तपासणे डीसीपीइतके सोपे झालेले नाही.

शेवटचे जंक्शन काळाचे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याचा जो अपुरा भाग उरला आहे तो आजही पाहता येतो, कारण पट्टी ३५ मिलीमीटरची आहे आणि ती उजेडासमोर धरली तरी चित्र दिसते. फिल्मला शत्रू नव्हते असे नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागून नायट्रेटवरच्या कितीतरी जुन्या चित्रपटांची राख झाली. पण डिजिटल फाईल मरायला आगही लागत नाही. चित्रपट साठवण्यासाठी एलटीओ नावाची टेप वापरतात. तिचे यंत्र आपल्या मागच्या दोनच पिढ्या वाचत असे. २०१७ च्या आठव्या पिढीचे यंत्र तर फक्त सातवी वाचते. म्हणजे दर काही वर्षांनी सगळे कोठार नव्या टेपवर उतरवून घ्यायचे. अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीने २००७ मध्ये हिशेब काढला होता : एक चित्रपट फिल्मवर जपायला वर्षाला १,०५९ डॉलर, डिजिटल रूपात १२,५१४. अकरा पट. केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेतून २०२२ मध्ये जुन्या चित्रपटांच्या जतनासाठी ३६३ कोटींचे काम जाहीर केले, ते मुख्यतः फिल्मवरच्या चित्रपटांसाठी. २००५ ते २०१५ या काळात सुरुवातीपासून डिजिटलवर झालेल्या मराठी चित्रपटांचे काय, हा माझा प्रश्न आहे. त्यांची निगेटिव्ह नाहीच. काहींची उरलेली एकमेव चांगली प्रत म्हणजे पुरवठादाराकडची कुलूपबंद फाईल, आणि काहींची निर्मात्याच्या कपाटातली हार्ड डिस्क.

त्या हार्ड डिस्कचीही एक गंमत. थिएटरचे सर्व्हर लिनक्सवर चालतात, म्हणून डीसीपीची डिस्क त्या पद्धतीने तयार केलेली असते. ती घरच्या विंडोज संगणकाला लावली की पडद्यावर विचारणा येते : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का? एका निर्मात्याच्या पुतण्याने ‘हो’ म्हटले होते. डिस्क आमच्याकडे आली ती कोरी होऊन. अर्धे परत मिळवता आले.

आता मी यवतमाळात परतलो आहे आणि आसपासच्या मुलांचे चित्रपट, माहितीपट, दंडारीची रेकॉर्डिंग जमेल तशी ठेवून देतो. थिएटरसाठी कुलूप न लावलेली डीसीपी. जपणुकीसाठी एमकेव्हीच्या बारदानात एफएफव्ही१, कारण ही रीत चित्रातले काहीच टाकून देत नाही, कोणाच्या मालकीची नाही, आणि ती व तिचे बारदान दोन्ही आता इंटरनेटच्या जाहीर मानकांत आले आहेत. सोबत संवाद आणि उपशीर्षके युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फाईलत. आणि एक कागद, खरा कागद, त्यावर वेग, रंगपद्धत, लांबी, तारीख. दोन डिस्का, एक इथे आणि एक नागपुरात. घाटंजीच्या मुलांचा चित्रपट तसा ठेवलेला आहे, २५ चा मूळ आणि २४ चा थिएटरचा, दोन्ही. पांढरकवड्याच्या एका शाळेने तो मागवला आहे. त्यांच्याकडे डीसीपीचा सर्व्हर कुठून असणार, म्हणून पेनड्राइव्हवर एच.२६४ करून पाठवतो आहे, २५ ने.